पातळ, हलका लॅपटॉप रोजच्या कामाला कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भाषांतरं आणि पुस्तकांची अक्षरजुळणी करतो. दिवसाचे नऊ-दहा तास लॅपटॉपसमोर जातात, त्यामुळे नात्यात आणि सोसायटीत 'याला त्यातलं कळतं' अशी माझी उगाचच ख्याती झाली आहे. बारावीचा निकाल लागला की फोन सुरू होतात. प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. ज्यांना गेम खेळायचे आहेत किंवा लग्नाचे व्हिडिओ एडिट करून पोट भरायचं आहे, त्यांनी जाड लॅपटॉप घ्यावा. त्यांच्यासाठी हे पान नाही.

पातळ आणि हलका म्हणजे नेमका किती?

सव्वा किलोच्या आसपास, फार तर दीड. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्सने कागदी पाकिटातून पहिला मॅकबुक एअर बाहेर काढला, तेव्हा त्याचं वजन १.३६ किलो होतं आणि बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली होती. आज त्या वजनाचं कुणाला काही वाटत नाही. पण त्या एअरमध्ये यूएसबीचं एकच भोक होतं आणि ८० जीबीची, ४२०० आरपीएमने रखडत फिरणारी हार्ड डिस्क होती, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. पातळपणाची किंमत तेव्हाही मोजावी लागायची, आजही लागते. आता ती डिस्कच्या नाही, उष्णतेच्या खात्यात पडते.

वजन बघताना चार्जरही तराजूत टाका. काही चार्जर विटेसारखे असतात.

दुकानात तर सगळेच सुसाट पळतात. मग फरक पडतो कुठे?

सिंहगडाच्या पायथ्याशी सगळेच ताडताड चढतात. कोणाच्या छातीत किती दम आहे ते अर्ध्या वाटेवर कळतं.

इंटेलचा कोअर आय-फाइव्ह १२३५यू हा पातळ लॅपटॉपांमधला अगदी नेहमीचा प्रोसेसर घ्या. कागदावर त्याची मूळ वीज १५ वॉट आहे, पण काम अंगावर आलं की तो थोडा वेळ ५५ वॉटपर्यंत वीज ओढू शकतो. फाइल उघडली, पान लोड झालं, फोटो क्रॉप केला ही कामं तेवढ्यातच आटपतात आणि आपल्याला वाटतं, काय पळतोय! काम लांबलं की मात्र तेवढी उष्णता बाहेर टाकायची पंचाईत होते. आत जागा बोटभर, तांब्याची नळी चपटी, पंखा बिस्किटाएवढा. मग प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो. हा बिघाड नव्हे, त्याची रचनाच तशी आहे. पण कुठवर उतरवायचा हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते, आणि म्हणून एकच प्रोसेसर असलेले दोन लॅपटॉप अर्ध्या तासानंतर अगदी वेगळे वागू शकतात. दुकानातल्या पाटीवर हे कुठेच लिहिलेलं नसतं.

आता दुसरी बाजू. तुमचं-माझं रोजचं काम बहुतेक तुकड्यातुकड्यांचंच असतं. टाइप केलं, थांबलो, विचार केला, टॅब बदलला. अशा कामाला पातळ लॅपटॉप उत्तम. अडतं ते सलग कामाला: तासाभराची ऑनलाइन मीटिंग आणि तिच्यातच स्क्रीन शेअर करून मोठी एक्सेल शीट, किंवा शेकडो स्कॅन पानांचं ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो, पहिलं मिनिट बघू नका, पंचविसावं बघा.

ते पंचविसावं मिनिट बघायचं कसं?

घरी आणल्यावर, बदलून मिळायची मुदत संपायच्या आत, एक तास काढा. आधी विंडोजचे सगळे अपडेट होऊ द्या. हे महत्त्वाचं आहे, कारण पहिले एक-दोन दिवस लॅपटॉप मागे स्वतःचीच कामं करत असतो आणि उगाच मंद वाटतो.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स'मध्ये प्रोसेसरचा चालू वेग गिगाहर्ट्झमध्ये दिसतो. ती खिडकी कोपऱ्यात ठेवा आणि नेहमीचं काम लावा. माझी परीक्षा अशी असते: ब्राउझरमध्ये पंधरा टॅब, त्यांतल्या एकात यूट्यूब, दुसऱ्या फोनवरून जोडलेला व्हिडिओ कॉल, आणि या सगळ्यात तीनशे पानांची पीडीएफ एक्स्पोर्ट. एक्स्पोर्ट संपलं की लगेच पुन्हा, असं सहा-सात वेळा. प्रत्येक वेळ घड्याळ लावून वहीत लिहायची.

मागे भाच्याच्या लॅपटॉपवर पहिली फेरी दोन मिनिटं दहा सेकंदांत झाली. पाचव्या फेरीला तीन मिनिटं लागली आणि पुढच्या फेऱ्याही तिथेच थांबल्या. वेग चारच्या वरून अडीचच्या आसपास येऊन स्थिरावला. मी त्याला म्हटलं, ठेव. उतरला, पण स्थिर राहिला. वाईट लॅपटॉप कोणता, तर ज्याचा आकडा चारवरून एकावर, पुन्हा तीनवर, पुन्हा एकावर असा हिंदकळतो. त्यावर कॉलमधला आवाज तुटतो आणि अक्षरं टाइप केल्यानंतर उमटतात.

आता चार्जर काढा आणि तीच परीक्षा बॅटरीवर घ्या. ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. कित्येक लॅपटॉप चार्जर काढला की मुकाट्याने वेग कमी करतात, आणि हलका लॅपटॉप आपण घेतो तो चार्जर काढून वापरायलाच.

बेंचमार्कचे आकडे बघावेत का?

बघा, पण एका धावेचे नकोत. सिनेबेंच आर२३ या प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दहा मिनिटं सलग चालणारी चाचणी आहे, ती नेमकी वेग टिकतो का हे बघायलाच केलेली आहे. समीक्षकाने पहिली धाव आणि दहा मिनिटांनंतरचा आकडा असे दोन्ही दिले असतील तर त्याचं पुढचं वाचा. नुसता मोठा आकडा दाखवणाऱ्याचं सोडून द्या.

पंखाच नसलेला लॅपटॉप घ्यावा का?

मी घेतला आहे, आणि रात्री एक वाजता शेजारी कुणी झोपलेलं असताना काम करायला त्यासारखं सुख नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये एम-वन चिपचा मॅकबुक एअर आला तेव्हापासून बिनपंख्याच्या लॅपटॉपला लोक हसायचे थांबले. वजन १.२९ किलो, आत पंखा नाही आणि तरी रोजच्या कामात तो अडखळत नाही. त्याआधीचे बिनपंख्याचे लॅपटॉप बहुतेक नावापुरतेच होते.

पण यातही एक मेख आहे. ॲपल आपले लॅपटॉप १० ते ३५ अंश तापमानात वापरा म्हणून सांगते. हे ज्यांनी लिहिलं त्यांनी मे महिन्यातलं अकोला पाहिलेलं नसावं. मी एका मेमध्ये बहिणीकडे अकोल्याला असताना तातडीचं पुस्तक हातात होतं. बाहेर ४४, दुपारी वीज गेलेली, कूलर बंद. माझ्या बिनपंख्याच्या लॅपटॉपला एरवी चार मिनिटांत होणाऱ्या एक्स्पोर्टला सात मिनिटं लागली आणि की-बोर्डच्या वरची पट्टी हाताला चटका देत होती. बहिणीने चार स्टीलच्या वाट्या आणून उपड्या घातल्या, त्यावर लॅपटॉप ठेवला, खालून हवा खेळायला लागली तसा थोडा फरक पडला. बाकीचं काम मी सरळ पहाटे पाचला उरकलं. ज्यांच्याकडे उन्हाळ्यात एसी नाही आणि काम सलग आहे, त्यांनी पंखा असलेलाच घ्यावा. गादीवर, उशीवर ठेवून तर कुठलाच वापरू नका. पंखा असेल तर हवा आत घ्यायची भोकं बहुतेक लॅपटॉपांना तळाशीच असतात.

रॅम आठ पुरेल की सोळा?

सोळा. यावर मी आता वाद घालत नाही.

कारण एवढंच की पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते. 'आत्ता आठ घेऊ, पुढे वाढवू' हा बेत तिथे चालतच नाही. वाढवता येते का ते ओळखायचं असेल तर टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर 'फॉर्म फॅक्टर' बघा. 'सोडिम' लिहिलं असेल तर रॅमची पट्टी सुटी आहे. 'रो ऑफ चिप्स' असेल तर डाग दिलेली. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये कोपायलट प्लस पीसी या एआय लॅपटॉपांच्या नावासाठी किमान १६ जीबीची अट घातली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ॲपलनेही एअरची सुरुवात १६ पासून केली. कंपन्यांनीच आठला निरोप दिला म्हटल्यावर आपण कशाला धरून बसायचं?

आठ जीबी डाग दिलेली आणि एक जागा रिकामी, असाही प्रकार मिळतो आणि तो वाईट नाही. पण ती जागा भरून घ्या. इंटेलच्या आयरिस एक्सई ग्राफिक्सला रॅमचे दोन रस्ते लागतात. एकाच रस्त्यावर ते साधं यूएचडी होऊन बसतं आणि तसंच नावही दाखवतं. आपण आयरिसचे पैसे मोजलेले असतात.

प्रोसेसरच्या नावातलं काय बघायचं? आय-सेव्हन घेऊ का?

पातळ लॅपटॉपमध्ये आय-फाइव्हवरून आय-सेव्हनवर जाण्यासाठी जादा पैसे देणं मला बहुतेक वेळा पटत नाही. उष्णता बाहेर टाकायची सोय तीच, मग जास्तीची ताकद अर्ध्या मिनिटापुरतीच. ते पैसे रॅममध्ये घाला.

एएमडीच्या ७००० मालिकेत मात्र डोळे उघडे ठेवा. तिथे मॉडेल कोणत्या साली आलं ते पहिला आकडा सांगतो, आतली रचना किती जुनी ते तिसरा. रायझन फाइव्ह ७५२०यू नावाने नवा वाटतो, पण तिसरा आकडा दोन, म्हणजे आत झेन-टू, २०१९ ची रचना. ७५३०यू मध्ये झेन-थ्री. त्याच मालिकेत तिसरा आकडा चार असेल तर झेन-फोर. दुकानात दोघांच्या खोक्यावर 'रायझन फाइव्ह' एवढंच ठळक असतं.

बॅटरी अठरा तास चालते म्हणतात. खरं का?

जाहिरातीतल्या तासांना 'पर्यंत' हा शब्द चिकटलेला असतो, तो वाचायचा राहून जातो. हा हिशेब आपण स्वतः करू शकतो. बॅटरीत किती वॉट-अवर आहेत ते लॅपटॉपच्या माहितीपत्रकात असतं. टायपिंग, ब्राउझर, मधला उजेड अशा कामाला पातळ लॅपटॉप सहा-सात वॉट खातो. स्वस्त मॉडेलांत ४२ वॉट-अवरची बॅटरी नेहमी दिसते, तिला सातने भागा: सहा तास. व्हिडिओ कॉल लागला की खर्च सहज दुप्पट होतो आणि ते सहाचे तीन होतात. म्हणून तासांची जाहिरात विसरा, वॉट-अवरचा आकडा विचारा. पन्नासच्या वर असेल तर उत्तम. (विमानात शंभर वॉट-अवरपर्यंतची बॅटरी बिनपरवानगी नेता येते, त्यामुळे त्याची चिंता नको.)

विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला जोडून 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाइप केलं की एक अहवाल तयार होतो. त्यात बॅटरी मुळात केवढी होती आणि आता पूर्ण भरल्यावर किती मावते, हे दोन्ही आकडे असतात. जुना लॅपटॉप घेताना समोरच्याला हा अहवाल काढायला सांगा. त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

दिवसभर टेबलावर चार्जर लावूनच वापरणार असाल तर ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय बहुतेक कंपन्या देतात, ती चालू करा.

की-बोर्ड सगळे सारखेच नसतात का?

नसतात, आणि मराठी टाइप करणाऱ्यांना तर अजिबात नसतात. समीक्षांमध्ये हा मुद्दा मला कधी दिसला नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

तुम्ही रोमन अक्षरांतून मराठी उमटवत असाल तर इंग्रजीला चालेल तो की-बोर्ड तुम्हालाही चालेल. पण इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांच्या ठरावीक कळरचनेवर, हात बसलेला असेल तर उजवीकडच्या कडेच्या कळा बघा. च अर्धविरामाच्या कळेवर, ट अवतरण चिन्हावर, ड चौकटी कंसावर आणि 'डॉक्टर', 'लॅपटॉप'मधला ॉ उलट्या तिरक्या रेघेवर असतो. इंग्रजीवाला त्या कळांना दिवसातून दहा वेळा हात लावतो, आपल्याला त्या प्रत्येक ओळीत लागतात. आणि तेरा इंचांत सगळं बसवताना कंपन्या नेमक्या त्याच कळा अरुंद करतात, कधी एंटरला चिकटवतात. 'टॉप' लिहायला जावं आणि ओळच तुटावी, असा एक लॅपटॉप मी चार महिने सोसला आणि विकला.

दुकानात डेमोच्या लॅपटॉपवर मराठीचा की-बोर्ड सेटिंगमधून दोन मिनिटांत जोडता येतो. मग मी हे वाक्य तीनदा टाइप करतो: डॉक्टरांच्या टेबलावरच्या चिठ्ठ्या वाऱ्यावर उडाल्या. यात कडेच्या सगळ्या कळा येतात, ठ साठी शिफ्ट लागतो, आणि 'वाऱ्यावर'मधल्या ऱ्य साठी शिफ्ट धरून र, मग हलन्त, मग य. डाव्या शिफ्टवर करंगळी आखडत असेल, किंवा तिसऱ्या वेळीही चूक होत असेल, तर तो लॅपटॉप आपला नाही. विक्रेता विचित्र बघतो. बघू दे.

कळ किती खाली जाते तेही बोटांना कळू द्या. ॲपलने २०१५ च्या बारा इंची मॅकबुकमध्ये जाडी वाचवायला 'बटरफ्लाय' कळा आणल्या. त्या अडकण्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली.

स्क्रीनचं काय बघू?

उजेड ३०० निट्सच्या (उजेड मोजायचं एकक) वर आणि रुंदी-उंचीचं प्रमाण १६:१०. उंची जरा जास्त मिळाली की कागदाचं पान नीट दिसतं. बाकीचं डोळ्यांना विचारा.

पोर्ट कमी असतात, त्याने अडतं का?

घरातल्या माणसाचं नाही अडत, एक हब घेतला की झालं. अडतं ते सीएच्या ऑफिसात, टेंडर भरणाऱ्याचं आणि माझ्यासारख्या डीटीपीवाल्याचं. डिजिटल सहीचं टोकन आणि जुन्या सॉफ्टवेअरचा डोंगल (जो लावल्याशिवाय ते उघडत नाही) दोन्ही यूएसबी-एचे, चौकोनी तोंडाचे. निदान एक तरी तसा पोर्ट अंगचा असावा.

याहून मोठी गोष्ट म्हणजे स्नॅपड्रॅगन चिपचे लॅपटॉप. हलके, थंड, बॅटरीला दणकट. साधी सॉफ्टवेअर त्यांवर भाषांतर होऊन चालतात, पण ड्रायव्हर (जोडलेली वस्तू चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) तसे चालत नाहीत. ते एआरएमसाठीच, म्हणजे स्नॅपड्रॅगनच्या जातीच्या चिपसाठीच, लिहिलेले असावे लागतात. तुमच्या टोकनचा, जुन्या प्रिंटरचा, स्कॅनरचा तसा ड्रायव्हर आहे का, हे आधी विचारा. नसेल तर ती वस्तू त्या लॅपटॉपला दगडासारखीच.

झाकण बंद करून बॅगेत ठेवला, तरी गरम का होतो?

कारण तो झोपलेला नसतो, डुलक्या घेत असतो. हल्लीच्या विंडोज लॅपटॉपांत 'मॉडर्न स्टँडबाय' असतं: मोबाइलसारखं, झाकण बंद असतानाही अधूनमधून जागं होऊन मेल आणि अपडेट बघणं. एकदा दादरहून पुण्याला येताना मी लॅपटॉप नव्वद टक्के बॅटरीवर मिटला. लोणावळ्याला बॅगेला हात लागला तर बॅग तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखी गरम. उघडून बघतो तर बॅटरी एकेचाळीस.

उपाय सोपा आहे. पॉवरच्या सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर 'स्लीप'ऐवजी 'हायबरनेट' (चालू काम डिस्कवर साठवून पूर्ण बंद होणं) निवडा. उघडायला दहा-पंधरा सेकंद जास्त लागतात, पण बॅगेत लॅपटॉप थंड राहतो.

वापरलेला, रिफर्बिश्ड घेतला तर?

चालेल, पण विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे विंडोज ११ अधिकृतपणे चालणारा हवा. इंटेलमध्ये ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढे. बॅटरी बदलण्याचे पैसे किमतीत धरूनच घासाघीस करा.

मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. पातळ चालेल?

कॉम्प्युटर किंवा आयटी असेल तर चालेल, १६ जीबी घेऊन. मेकॅनिकल, सिव्हिल असेल तर आधी कॉलेजात सीनियर मुलांना विचारा कुठली सॉफ्टवेअर लागतात. सॉलिडवर्क्स फक्त विंडोजवर चालतं, आणि तिसऱ्या वर्षी मॅकवर ते कसं बसवायचं असा फोन मला येतो.

दुकानदार की-बोर्ड कव्हर आणि कॅमेऱ्याचं झाकण फुकट देतोय. लावू?

नको. पातळ लॅपटॉप मिटल्यावर की-बोर्ड आणि स्क्रीन यांच्यात कागदाएवढीच फट उरते. कॅमेऱ्यावर काही लावायचंच असेल तर ते ०.१ मिलिमीटरपेक्षा जाड नको, असं ॲपलने स्वतः सांगितलेलं आहे, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीचं. सोसायटीतल्या एका काकांनी की-बोर्डवर गॅसबिलाची पावती ठेवून लॅपटॉप मिटला होता. पावतीला स्टेपलरची पिन होती. स्क्रीनवर त्या पिनेएवढीच आडवी रेघ उमटली आहे, आणि काका ती रोज सकाळी रुमालाने पुसून बघतात.